पालथा हात

कसबा पेठ, पुणे
शुक्रवार दुपार

प्रिय मुक्ते,

गुडघ्याचं तेल सकीनाबरोबर पाठवतेय. डब्याला गुंडाळलेल्या फडक्यात हे पत्र आहे. माझ्या सुनेला नीट बजावलंय, फडकं तुझ्याच हातात द्यायचं. वाचशील तेव्हा खोलीत तू आणि तुझी सून शालू, तिसरं कुणी नको. दत्तोबाची पोरं ओट्यावर बसली असतील तर आधी चहा पाजून घालव. फोन केला असता, पण तुझा फोन दत्तोबाने दिलेला आणि उचलतं त्याचंच कुणीतरी. "आजी झोपल्यात" म्हणतात. दुपारी बाराला झोपल्यात, संध्याकाळी सहाला झोपल्यात. इतकी झोप लागत असेल तर गुडघा राहू दे, आधी डोकं दाखव कुणाला तरी.

मला गोल गोल लिहिता येत नाही. चौथीत बाईंनी माझा निबंध परत फेकला होता, साडेतीन ओळींचा होता. तुझा दोन पानं, अर्धा खोटा, आणि तुला शाबासकी. म्हणून आधी तुझ्या नातवाचं बोलते, कारण घाई त्याची आहे. सकीनाने मोबाइलवर दाखवलं. सर्जा चौकात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून कोयत्याने कापतोय. ऊस तोडायचा कोयता, हडपसरच्या बाजारात मिळतो तसला. मागे वीस-पंचवीस पोरं, आणि दत्तोबा स्वतःच्या हाताने त्याला केक भरवतोय. खाली लिहिलंय, बापाची गादी. पणजोबाचं सर्जेराव नाव ठेवलं म्हणून कॉलेजात पोरं हसतात असं रडत आला होता ना तुझ्याकडे, आता नाही हसणार कुणी. मागच्या महिन्यात मी आले तेव्हा तूच म्हणालीस, श्रीधरचा निरोप आलाय दत्तोबाकडे, पोरगा एकोणीसचा झाला, आता त्याला माझ्या जागी बसवा, गणपतीत चौकात त्याचा बोर्ड लावा. तू खूश होतीस. तेरा वर्षांत पोराने पहिल्यांदा स्वतःच्या पोरासाठी काहीतरी मागितलं म्हणालीस. मी तुझा गुडघा चोळत होते, काही बोलले नाही. आमच्या दुकानात बोलायची रीत नाही. त्या रीतीत मी अडकले, माझ्यामुळे तूही अडकलीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येच उठू नकोस.

रीत कशी पडली तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतीस. पासष्ट सालचा गणपती. कोणत्या तालमीचा गणपती पुढे, यावरून जुंपली. तुझ्या सोनबादादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्याने ज्याला हाणलं त्याचा खांदा निखळला. दोघं अर्ध्या तासाच्या अंतराने आमच्याच दारात, कारण पेठेत हाडं बसवणारा एकच, माझा बाप. अब्बांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं, लाठ्या गटारीपाशी ठेवायला लावल्या आणि म्हणाले, "दादामियाँच्या बाकावर कुणी मारलं ते सांगायचं नाही, आणि दादामियाँ विचारणार नाही." तू सोनबासाठी पाणी आणलंस आणि अर्धा तांब्या त्या दुसऱ्याला दिलास. घरी बोलणी खाल्लीस. दिवाळीत तेच दोघं एका चटईवर पत्ते कुटत होते. तेव्हा मारामारीला इतकीच मुदत असायची, हाड जुळेपर्यंत.

मग माणसं बदलली, बाक तोच राहिला. मटक्याचे अड्डे आले, हातभट्टी आली, कुठल्या बोळात कुणाची दारू विकायची यावर डोकी फुटायला लागली. सायकलची चेन, हॉकी स्टिक, सोडावॉटरच्या बाटल्या. आधी माणूस भांडणात मोडून यायचा, आता मोडून पाठवलेला यायचा. उजवं मनगट, नाहीतर गुडघ्याची वाटी. काय मोडायचं ते कुणीतरी आधीच सांगितलेलं असायचं. अब्बा पट्टी बांधायचे आणि गप्प. मी कामट्या तासून द्यायची आणि गप्प. बाकावर बसलेले ओळखीचे असायचे, मोडणारेही ओळखीचेच. भाजी आणायला गेले की दोघंही मला सलाम करायचे. मला वाटायचं, केवढा मान आहे आपल्याला.

पंच्याऐंशीत तू श्रीधरला घेऊन आलीस. अकरा वर्षांचा होता, झेंडूच्या ट्रॉलीवरून पडला होता. धायरीहून एसटीने आलीस, त्याचा हात तुझ्या पदरात बांधलेला. अब्बांना तोवर दिसायचं बंद झालं होतं. ते म्हणाले, हुस्नी, हे तू बसव. मी चौतीस वर्षांची घोडी, पण कुणाचं हाड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने बसवायची ती पहिलीच वेळ. बाहेर बाकावर दोन अड्ड्यांची माणसं होती, चार या टोकाला, तीन त्या टोकाला, एकमेकांकडे बघत. एकाने चपलेखाली काहीतरी दाबून ठेवलं होतं. पोरगं तिथून लवकर निघावं म्हणून मी हात चालवला. हाड जुळलं. दीड महिन्याने पट्टी सोडली तर हात पालथाच. उताणा होईना. तू विचारलंस, मी म्हणाले पोरगं चुळबुळं आहे, पट्टी सैल करत होतं. तू तिथल्या तिथे त्याच्या पाठीत धपाटा घातलास. तो माझ्याकडे बघत राहिला.

तो हात आपण दोघींनी किती वेळा चोळला. देवळात तीर्थ घ्यायला उजवा हात पुढे करायचा आणि पाणी मनगटावरून खाली. डावा केला की पुजारी ओरडायचा. शाळेत छडी खातानासुद्धा तळव्यावर नाही, बोटांच्या हाडांवर. पोरांनी पालथा नाव ठेवलं. तूच हसून म्हणायचीस, माझ्या पोराचा हात कुणापुढे पसरतच नाही. पुढे मोठा झाल्यावर सिंहगड रोडला सगळे त्याला पालथा भाऊच म्हणायला लागले, आणि ते नाव घेताना हसायचं बंद झालं.

ते सगळं तुझ्या घरातच झालं, मी सांगायला नको. धायरीत जमिनीला भाव आला. आप्पासाहेब भावजींची ज्वारी गेली, त्या जागी चुन्याच्या फक्क्या पडल्या. बिल्डर आले, आणि प्रत्येक बिल्डरला ताबा मारायला पोरं लागायला लागली. कुणाची वहिवाट, कुणाचं कुंपण, रातोरात पत्रे ठोकायचे आणि सकाळी दहा जण खुर्च्या टाकून बसायचे. श्रीधर बसायला लागला. मग बसवायला लागला. कुणाच्या साइटवर कुणाची खडी उतरणार ते तो सांगायचा. दत्तोबा तेव्हा डंपर चालवायचा, तुझ्या स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचा, तुला आई म्हणायचा. अजून म्हणतो. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, आज सांगते. श्रीधरच्या पोरांनी मोडलेले गुडघे माझ्याकडे यायचे. नऱ्ह्याचा एक शेतकरी आला होता, दोन्ही हात. त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं मी तुझी कोण ते. तिने पालथ्याला दिलेल्या शिव्या मी ऐकल्या, हळद कालवत होते. पंधरा दिवसांनी तू मोदक घेऊन आलीस. मी खाल्ले. तुझा पोरगा साधा नव्हता, मुक्ते. माझ्या तोंडाला रीत म्हणून कुलूप होतं, त्याचा फायदा त्याला झाला, मग दुसऱ्यांना झाला. अब्बांनी रीत घातली तेव्हा बाकावर लाठ्यावाले होते. पुढे जे आले ते पट्टी बांधायच्या लायकीचे उरतच नव्हते. गावठी कट्टा आला, चॉपर आला. आता हे कोयतेवाले, मिसरूड न फुटलेले, उभ्या गाड्यांच्या काचा फोडत सुटतात आणि मोबाइलवर टाकतात. माझ्याकडे येऊन करणार काय, मी हाडं बसवते, माणसं नाही.

दोन हजार नऊला सिंहगड रोडवर तो एक जण दिवसाढवळ्या तोडला. श्रीधरचं नाव आलं, आणि त्याच आठवड्यात श्रीधर दिसायचा बंद झाला. दत्तोबा म्हणाला भाऊ नेपाळला गेले, केस थंड झाली की येतील, पोलिसात हरवल्याचं द्यायचं नाही, दिलं की शोधत जातील. तू दिलं नाहीस. त्याच आठवड्यात दत्तोबाने मळ्यातली विहीर बुजवून दिली. मला फोन करून तूच सांगितलंस, दहा डंपर मुरूम टाकला, पैसा घेतला नाही, पोरंसोरं पडतात म्हणून काळजी त्याला. विहीर बुजवताना ओटी भरायची असते म्हणून तू खणा-नारळाने ओटी भरलीस. मी म्हटलं, चांगलं केलंस.

तेव्हापासून तू घरातून हलली नाहीस. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, तू मधोमध त्या बंगल्यात. का, तर श्रीधर आला आणि दाराला कुलूप दिसलं तर. सोनबादादा गेला तेव्हासुद्धा कसब्यात आली नाहीस. शालूने नर्सिंगचं शिकलेलं फुकट गेलं, दत्तोबा म्हणाला भाऊंना बायकोने नोकरी केलेली आवडायची नाही. दर दिवाळीला तो दोन साड्या आणतो आणि एक निरोप. मळ्याच्या कागदावर सही करा असा निरोप, तू केलीस. माहेरी जाऊ नको असा निरोप, शालू गेली नाही. शालू मागच्या खेपेला मला हळूच म्हणाली, "मावशी, तेरा वर्षांत हे एकदाही सर्जाची उंची किती झाली विचारत नाहीत." मी तिलाच गप्प केलं.

आता या आठवड्याचं. मंगळवारी एक हवालदार आला. जुना माणूस आहे, त्याचं मनगट मी दोनदा बसवलंय. पाठ दाखवायला आला होता, पण मोबाइल काढून म्हणाला, "आजी, जरा बघा, डॉक्टर म्हणतात जुनी मोड आहे. एका साइटवर खोदताना मिळालं. हरवलेल्यांच्या यादीत बसणारं कुणी नाही, कुणाचं रक्त तपासायचं तेच कळंना." फोटो होता. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं. मधोमध एकमेकांना चिकटलेली, मध्ये हाडाचाच पूल झालेला. मी बघितलं. म्हणाले, चष्मा नाही रे. चष्मा माझ्या नाकावर होता. तो त्या चष्म्याकडे बघत म्हणाला, "सापडला की सांगा, आजी." आणि पाठ न दाखवताच गेला.

काल दत्तोबा आला. स्वतः, गाडी मंडईपाशी लावून चालत, लंगडत. बाकावर बसून पाय पुढे केला. "आज्जे, मुरगाळलाय बघा." मी घोटा हातात घेतला. मुक्ते, पन्नास वर्षं हेच करतेय. पायाला काहीसुद्धा झालं नव्हतं. सूज नाही, कळ नाही, हाड जागच्या जागी. मी मान वर केली तर तो हसत होता. "तुमच्याकडं कुनी काय इचारत न्हाई, कुनी काय सांगत न्हाई. लई चांगली रीत हाय. म्हाताऱ्यानं घालून दिल्याली, मोडू नगा." मग विचारलं हवालदार काय दाखवत होता. मी म्हटलं, त्याचा नातू. "गोरा हाय का काळा?" म्हटलं, फोटोत सगळे गोरेच दिसतात. तो हसला. जाताना म्हणाला, "आईला तुमचा लई लळा हाय. तिला जपा." मी त्या धडधाकट पायाला घट्ट पट्टी बांधून दिली. दोघांनाही ठाऊक होतं कशाला. पाय पिरगाळायचा राहिला, त्याचं वाईट वाटतंय.

तर ऐक. शालूचा हात धरून बस. ती साइट म्हणजे तुमचा मळा आहे आणि ते हाड विहिरीतून निघालंय, हवालदाराने नंतर सकीनाला सांगितलं. तो हात श्रीधरचा आहे. मला चष्मा लागत नाही त्याला, अंधारात चाचपून सांगितलं असतं, कारण तो मी बिघडवला. हातात दोन हाडं असतात. पट्टी बांधताना त्यांच्या मधोमध कापडाची बोटाएवढी सुरळी दाबून ठेवायची, म्हणजे ती वेगवेगळी राहतात, एकमेकांवर फिरतात, हात उताणा होतो. अब्बांनी सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. त्या दिवशी बाकावरच्या लोकांच्या धाकाने मी विसरले. संध्याकाळी झाडताना सुरळी चटईखाली सापडली. दुसऱ्या दिवशी एसटी धरून धायरीला यायला हवं होतं, नाही आले. पहिलंच काम, लाज वाटली. अब्बांनी पट्टी सुटल्यावर हात चाचपला, त्यांना कळलं, तुझ्यासमोर बोलले नाहीत. धपाटा श्रीधरने खाल्ला. सदतीस वर्षं हे तुला सांगायचं होतं, सांगितलं ते अशा वेळी. शिव्या नंतर दे, आधी काम कर. उद्या सकाळी दहाला गुडघा फार दुखतो म्हणून माझ्याकडे ये. दत्तोबाची गाडी नको, सर्जाला म्हण आजीला रिक्षाने ने. तिघंही या, फोन घरी ठेव. चष्मा सापडला असा हवालदाराला निरोप धाडलाय, तो माझ्याकडे असेल, तुझं आणि सर्जाचं रक्त घेतील, एवढंच लागतं. बाकी मी लिहून सही करून देणार आहे, सुरळीसकट. विहीर कुणी बुजवली ते तू सांगायचं. सर्जाला मी समजावते. त्याचा हात उताणा-पालथा करून दाखवीन, मग त्याच्या बापाचा का होत नव्हता ते सांगीन, मग निरोप कोण पाठवत होतं ते त्याला आपोआप कळेल. चिडेल, कोयता काढीन म्हणेल. त्याला माझ्या बाकावर बसवायचं आणि उठू द्यायचं नाही, आपण दोघी म्हाताऱ्या दोन बाजूंना बसू. माझ्या दुकानाचं पुढे काय होईल ते होऊ दे, अब्बांची रीत मी उद्या मोडते. आणि एक मागणं आहे. पोलिसांनी हाडं तुझ्या ताब्यात दिली की, तुम्ही लोक पुढचं करायच्या आधी, मला पाच मिनिटं दे. आता कोपर सुटलंय. अख्खा हात वळवता येईल. एकदा उताणा करून ठेवते.

तुझीच,
हुस्नबानू